दोन ओळींत मावेल तेवढं

दादाचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या ईलिंग रोडवर मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. शुक्रवारची सकाळ, दुकानदार नुकताच क्रेट बाहेर मांडत होता. "शुभा, आइनो गेली," एवढंच दादा म्हणाला आणि मग नुसता त्याचा श्वास... मी "बरं" म्हटलं. बरं! वहिनी गेल्याची बातमी ऐकून कोणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेच निघालं. जुडी परत ठेवून मी दादाच्या घरी जायला एजवेअरची बस पकडली. डॉक्टरांनी कधीच हात टेकले होते, तिचा बेड वरच्या खोलीतून खाली फ्रंट रूममध्ये आणला होता, आम्हाला सगळ्यांना सगळं माहीत होतं. आणि बसमध्ये बसल्यावर रडायचं सोडून माझ्या डोक्यात एकच भुंगा गुणगुणायला लागला : परवा रविवार आहे. हेल्वीला कोण सांगणार?

हेल्वी म्हणजे आइनोची आई. नव्वदीला टेकलेली, फिनलंडमधल्या एका लहानशा गावात एकटी राहणारी, इंग्रजीचा गंध नसलेली. आइनो तिची एकुलती एक. दर रविवारी दुपारच्या जेवणाआधी आइनो किचनमध्ये उभी राहून तिला फोन करायची, लग्न होऊन इथे राहिल्यापासून एक रविवार चुकला नाही. तिकडे ती म्हातारी फोनजवळ खुर्ची ओढून बसत असणार. आणि आमच्याकडे बघा. दादाने इतक्या वर्षांच्या संसारात फिनिशमधलं 'थँक यू', 'चीअर्स' आणि एक शिवी एवढी कमाई केलेली. मी तर तेवढीही नाही. मीरा, म्हणजे त्यांची मुलगी, लहानपणी आईशी फिनिश बोलायची, पण शाळा सुरू झाली आणि सगळं वाहून गेलं. आमच्या घरातून काहीही उचलून त्या भाषेत नेऊन ठेवू शकेल असं एकच माणूस होतं, आणि नेमकं तेच माणूस गेलं होतं.

तिचं कामच ते होतं. इंग्रजी टीव्ही मालिकांना फिनिश सबटायटल्स लिहिण्याचं. तिकडे म्हणे परदेशी कार्यक्रमांवर दुसऱ्या कुणाचा आवाज चढवत नाहीत, खाली दोन ओळी येतात आणि लोक वाचत वाचत बघतात. एजवेअरच्या घरात वरच्या मजल्यावर एक बॉक्सरूम आहे, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने जिन्यात थांबायचं, एवढीशी. तिथे कानाला हेडफोन लावून ही बसायची. खुनाच्या मालिका, केकच्या स्पर्धा, घर विकत घेणाऱ्या जोडप्यांचे कार्यक्रम, जे येईल ते. मला वाटायचं, कुत्री-मांजरांचा पाऊस वगैरे शाळेत शिकवतात तसल्या म्हणी कठीण जात असतील. छे! त्यांना तिच्या भाषेत तयार जोडीदार असायचे, एका मिनिटात काम संपायचं. तिचा जीव खायचे ते साधे, रोजचे शब्द. 'राइट देन.' 'फेअर इनफ.' 'बेअर विथ मी.' एकदा तर मालिकेतला एक म्हातारा, मरायला टेकलेला, मुलीने कसे आहात विचारल्यावर म्हणतो 'मस्टन्ट ग्रम्बल', म्हणजे कुरकुर करू नये, आणि आइनो त्यावर दोन दिवस अडून बसली.

अशा वेळी ती जिना उतरून खाली यायची आणि मला पकडायची; मी राहायला वेम्बलीत, पण रविवार-सुट्टी दादाच्याच किचनमध्ये. मी एका जीपी सर्जरीत, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर आयुष्य काढलं, तेव्हा असल्या शब्दांचं गोदामच माझ्याकडे. पण अर्थ सांगून तिचं भागायचं नाही. "तू करून दाखव," म्हणायची. मग मी लाटणं कानाला लावून, भुवया वर करून, हवेतल्या कॉम्प्युटरवर टाइप करत "बेअर विथ मी, लव्ह" म्हणायचं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. मग वर जाऊन एक शब्द लिहायची, हेत्की. म्हणजे क्षणभर. मी म्हणायची, अगं एवढंच? आणि बाकीचं कुठे गेलं? तर म्हणाली, बाकीचं तू भुवयांनी केलंस, ते लोकांना दिसतंय. माणूस खाली वाचत राहिला तर वरचा चेहरा बघायचा राहून जातो, म्हणून ओळ अशी हवी की वाचून झाल्यावर चेहऱ्यासाठी वेळ उरला पाहिजे. मला काही ते पटायचं नाही. मी चिडायची, की तू सगळ्या इंग्रज लोकांना उद्धट करून ठेवतेस, ते बिचारे प्लीज आणि सॉरी म्हणून म्हणून थकतात आणि तू ते सगळं कापून टाकतेस. ती शांतपणे म्हणायची, आमच्याकडे प्लीजला शब्दच नाही, कुठून आणू?

'मस्टन्ट ग्रम्बल'चा निकाल मात्र आमच्या आईने लावला. आई तेव्हा होती, दादाकडेच राहायची. मी तिला मराठीत सगळा प्रसंग सांगितला, की म्हातारा असा असा आहे, मुलगी विचारतेय. आई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "मग काय म्हणणार? चाललंय, म्हणायचं." आइनोने ते ऐकलं, दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं, आणि तरातरा वर गेली. तिच्या भाषेत म्हणे 'होईल यातूनच काहीतरी' असं म्हणायची रीत आहे, ते तिने तिथे बसवलं. म्हणजे बघा, फिनलंडमध्ये बर्फाच्या दिवसांत कुणीतरी सोफ्यावर बसून इंग्रज म्हाताऱ्याचं मरण बघत असेल आणि खाली ओळ येत असेल ती आमच्या आईने कोथिंबीर निवडताना दिलेली. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, मेलं त्यात काय एवढं.

आईचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून जमलं, आणि ते कशावरून जमलं तेही सांगते. दादाने लग्न ठरवलं, आई इथे आली, आम्ही सगळे टेबलाशी बसलो. आइनोने पुस्तकातून चार वाक्यं पाठ केलेली. ती आईकडे बघून म्हणाली, "आई, मीठ दे." सासूला! अरेतुरे! मी पाणी पीत होते ते नाकात गेलं. दादा घाईघाईने तिला इंग्रजीत सांगायला लागला, की 'द्या' म्हण, आणि प्लीज तरी म्हण. आईने त्याला गप्प केलं. म्हणाली, पोटच्या पोरीसारखं मागतेय, मागू दे. आणि मग मला विचारलं, की प्लीजला आपल्याकडे तरी काय म्हणतात गं? मी म्हटलं, कृपया. आई म्हणाली, ते पाट्यांवर असतं, 'कृपया चपला बाहेर काढा', घरात कोण म्हणतं? त्या दिवसापासून शेवटपर्यंत ती आईला 'दे' आणि 'घे'च म्हणत राहिली. तो आणि ती यांतला फरक तर तिला कधी कळलाच नाही, तिच्या भाषेत तो नाहीच म्हणे. आई कधी 'तो' असायची, दादा कधी 'ती'. मीरानेही तेच उचललं. मी सुधारायला जायची आणि आई मलाच दटावायची.

मला ती बाई समजत होती असं मी म्हणणार नाही. माझ्या स्वभावाची माणसं बोलत बोलत विचार करतात. ती विचार करून झाल्यावर बोलायची, आणि मग वाक्य संपलं की संपलं. तुम्ही पुढच्याची वाट बघत राहायचं. हॅरोतल्या एका बाईंनी मंडळाच्या कार्यक्रमात "या ना एकदा घरी" म्हटलं, आपण म्हणतो तसंच, निघता निघता. आइनोने तिथेच विचारलं, शनिवारी चालेल का? आणि शनिवारी खरोखर त्यांच्या दारात उभी, हातात स्वतः भाजलेला राय ब्रेड. बाईंची तारांबळ उडाली, कसेबसे पोहे केले. मी आइनोला म्हटलं, अगं ते म्हणायचं असतं, जायचं नसतं. तिने मला विचारलं, मग म्हणायचं कशाला? आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. गंमत म्हणजे त्या बाई नंतर तिच्या जिवाभावाच्या झाल्या. आजारपणात आठवड्यातून एकदा डबा यायचा, आणि त्या न बोलता तिच्या पायाला तेल लावून जायच्या.

आजार कळला तोही तसाच. रविवारचं जेवण चालू होतं. आइनो म्हणाली, "मी मरणार आहे. बहुतेक उन्हाळ्याच्या आत. वरण दे." दादाला आदल्या दिवशीच माहीत झालेलं असणार, कारण तो ताटावरून उठला आणि बागेत जाऊन उभा राहिला. मी मात्र तिच्यावर भडकले. वरणाचं भांडं हातात धरून म्हटलं, "असं सांगतात का गं?" ती म्हणाली, "मग कसं?" आणि माझ्याकडे बघत बसली. तेच तिचं कामाचं बघणं, एखादी ओळ अडली की असायचं तसं. तिला खरंच हवं होतं, मी करून दाखवायला. मी तोंड उघडलं... असं नाही गं, जरा हळू, म्हणजे आधी... आयुष्यभर सर्जरीत लोकांना गोड बोलून थोपवलं मी, आणि घरात एक वाक्य मिळेना. तिने माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि स्वतःच वाढून घेतलं.

तेव्हा त्या शनिवारी, तिला जाऊन एक दिवस झालेला, आम्ही तिघं किचनमध्ये बसून हेल्वीला कसं सांगायचं ते ठरवत होतो. आपल्याकडे अशी बातमी एकदम सांगत नाहीत. बाबा गेले तेव्हा पुण्याहून फोन आला तो "बाबांना बरं नाहीये, निघा तुम्ही दोघं" असा. विमानात दादाला आणि मलाही कळलेलं होतं, पण आम्ही एकमेकांशी बाबांना बरं नाही असंच बोलत राहिलो, थेट दारापर्यंत. हीच रीत. म्हाताऱ्या माणसाला तर पायरी-पायरीनेच न्यायचं. तेव्हा मी ठरवलं : उद्या रविवारी म्हणायचं की आइनो झोपली आहे, जरा जास्त आजारी आहे. मग दोन दिवसांनी, की सीरियस आहे. तोवर म्हातारीच्या मनाची तयारी होईल, तिच्याजवळ कुणी असेल अशी व्यवस्था करता येईल, आणि मग सांगायचं. दादा मान हलवत होता. स्वतः डॉक्टर, अख्खी हयात नातेवाइकांना वाईट बातम्या देण्यात गेली, पण स्वतःच्या सासूपुढे त्याची मती गुंग झाली होती.

मीराने फोनमधल्या ॲपवर माझी वाक्यं घातली. पलीकडून लांबलचक फिनिश वाक्यं निघाली, ती तिने वाचून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "आत्या, असं मुम्मो नाही बोलत. असं कुणीच नाही बोलत." मुम्मो म्हणजे आजी. मग तिने तिच्या जवळचे शब्द चाचपून पाहिले. तिच्याकडे होतं ते सगळं लहानपणच्या सुट्ट्यांमधलं. सूप, बर्फ, बेरी, मोजे, झोप, भूक. थोडी आजारी, हेही होतं. शेवटी ती म्हणाली, मेलेल्यासाठी माझ्याकडे एक शब्द आहे, मुम्मोची मांजर मेली तेव्हा शिकलेला. मी म्हटलं, तो नको. तो मांजराचा, तो आईसाठी कसा वापरशील? ती रडायला लागली. म्हणाली, मग दुसरा नाहीये ना माझ्याकडे. मी तिला जवळ घेतलं आणि पुन्हा पहिलं वाक्य तिच्याकडून घोटून घेतलं : ती झोपली आहे, थोडी आजारी आहे.

रविवारी नेहमीच्या वेळेला मीराने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पहिल्याच रिंगला हेल्वीने उचलला. मीराने पढवलेलं वाक्य म्हटलं, नीट म्हटलं, मलासुद्धा चालीवरून कळलं. मी फोन कट झाला का म्हणून वाकून बघितलं. मग त्या म्हातारीने दोन-तीन शब्दांचा एक प्रश्न विचारला. आवाज चढलेला नाही, कापरा नाही. मीराने आधी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. काय विचारलंय ते सांगायची गरजच नव्हती. दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी मीराला मानेने नाही नाही म्हणत होते... आणि मीराने एकच शब्द उच्चारला. तो मांजराचाच असणार, तिच्याकडे दुसरा होताच कुठे.

नंतर मीराने आम्हाला सांगितलं; बोलता येत नसलं तरी हेल्वी हळू बोलली की तिला बरंचसं कळायचं. हेल्वीला सगळं ठाऊक होतं. आइनोने आम्हाला वरणाबरोबर सांगितलं त्याच रविवारी, जेवणाआधी, याच किचनमध्ये उभी राहून स्वतःच्या आईला सांगितलं होतं. मी तिथेच होते की! कणीक मळत होते. तिचा आवाज असा होता की मला वाटलं, हवापाण्याचं बोलतायत. त्यानंतर प्रत्येक रविवारी हेल्वी फोन उचलायची ती आज कुणाचा आवाज येतो ते ऐकायला. मीराला ती म्हणाली, बरं झालं तू सांगितलंस, मला भीती होती की तुम्ही सांगणार नाही. मग थँक यू म्हणाली आणि फोन ठेवला. मला इतका राग आला! आपण एवढी रंगीत तालीम करायची, पोरीला रडवायचं, आणि त्या दोघींनी कधीच सगळं आटपून टाकलेलं. तो राग मी जाऊन कुणावर काढणार? मी ओव्हन साफ करायला घेतला.

त्यानंतरचे आठवडे म्हणजे, खरं सांगते, मला एका जागी बसवेना. वेम्बलीत माझ्या घरी बसलं की वाटायचं दादा एकटा आहे, जावं. तिथे गेलं की वाटायचं परत निघावं. लोक यायचे. आपली माणसं म्हणायची, सुटली बिचारी. इंग्रज शेजाऱ्यांची कार्डं यायची, प्रत्येकात तेच, की शब्द अपुरे आहेत, आणि त्याखाली भरपूर शब्द. मी एकेक वाचायची आणि मनात आइनोची कात्री चालवायची. यातलं काय राहील? दोन ओळींत काय मावेल? बहुतेक ठिकाणी शेवटी सही तेवढी उरायची. आणि एक गोष्ट झाली, मी बोलायची थांबले. घरात दुःख आहे, मोठ्याने बोलू नये, असं आईने लहानपणापासून मनावर बिंबवलेलं. मी रविवारी जायची, स्वयंपाक करायची, पण भांडं वाजवायची नाही. मीरा हेल्वीला फोन लावायची तेव्हा तर दादा आणि मी देवळात बसावं तसे हात जुळवून बसायचो. मीरा तिचे मोडकेतोडके शब्द बोलायची, हेल्वी काहीतरी बोलायची, थोड्या वेळाने फोन संपायचा.

परवाच्या रविवारी हेल्वीने मध्येच मीराला काहीतरी विचारलं. मीराला कळलं नाही, तिने पुन्हा विचारायला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, मुम्मो विचारतो, तो बाई कुठे गेला?"

मी म्हटलं, कोण बाई?

"मागे बोलणारा बाई. म्हणतो, आई फोन करायची तेव्हा मागे नेहमी एक बाई बोलत असायची. थांबायचीच नाही. आता कधीच येत नाही तो आवाज. तर विचारतो, ती पण मेली का?"

दादा हसला. आइनो गेल्यापासून पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी त्या किचनमध्ये लाटणं हाती घेऊन आईवर, दादावर, भाजीवाल्यावर, कौन्सिलच्या कचऱ्याचे बिन गोळा करणाऱ्यांवर तोंड टाकत होते, आणि तिकडे ती म्हातारी रविवारच्या रविवारी ते सगळं ऐकत होती! एक अक्षर न कळता. तिच्यासाठी मुलीचं घर म्हणजे तो आवाज, आणि मुलगी त्या आवाजाच्या अलीकडे उभी. मी तो आवाज बंद करून बसले होते. दुःख म्हणून! आणि म्हातारीला वाटलं, घरच संपलं.

मीराने फोन माझ्यापुढे सरकवला. मी उगाच घसा खाकरून "हॅलो हेल्वी" म्हटलं, सर्जरीतल्या आवाजात. पलीकडून ती म्हणाली, "पुहु."

"बोल म्हणतो," मीरा म्हणाली.

काय बोलू? मी उठले. फोन शेगडीशेजारी ठेवला. आणि दादाला म्हटलं, अरे ती मोठी कढई कुठे कोंबून ठेवलीस, आणि फ्रिजमध्ये ते दही कधीचं आहे, वास आला नाही का तुला, आणि बाहेर बिन तसाच उलटा पडलाय, कुणाला काही पडलेली नाहीये या घरात, आइनो गेली आणि सगळ्यांनी... तिथे मी थांबले.

शेगडीजवळून पुन्हा आवाज आला, "पुहु."

मी पदराने डोळे पुसले, गॅस लावला आणि सगळ्यांनी काय काय करायचं सोडून दिलंय ते एकेक करून सांगायला लागले.